फाटकापर्यंतचे थांबे

२४ जानेवारी

खारे,

‘प्रिय’ मुद्दाम लिहिलेलं नाही. हे पत्र तक्रारीचं आहे. फोन तू उचलत नाहीस आणि वाजवत बसायला मला वेळ नाही. तसा वेळच वेळ आहे, पण तुझ्यासाठी नाही.

तक्रार अशी. आज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेऊन बसले होते. बाहेर बर्फ अर्धवट वितळून चिखल झालाय, आभाळ भांडी विसळलेल्या पाण्यासारखं. आणि मागच्या दाराच्या पायरीला चिकटून पाच-सहा पांढरी फुलं उभी! माना खाली घातलेली, शाळेत उशिरा पोचलेल्या मुलींसारखी. या दिवसांत कुठल्या शहाण्या झाडाला फूल येतं? मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग डोक्यात प्रकाश पडला, की हे तुझं काम. ऑक्टोबरात तू आमच्या ड्रायव्हरसाहेबांच्या हिरवळीत जे खड्डे पाडलेस, त्याचं हे पीक.

त्या हिरवळीबद्दल मला पुन्हा तोंड उघडायचं नव्हतं, पण आता उघडलंच आहे तर ऐक. साहेबांनी, तुझ्या भावोजींनी, जशी बस चालवली तशीच हिरवळ कापली, नाकासमोर सरळ. ते गेल्यावर मी ती तशीच राखली. मी हॉस्पिटलात खुब्याचं हाड जोडून घेत पडलेली, आणि घराची किल्ली तुला दिली ती घर झाडायला-पुसायला. घरी येऊन बघते तर मागच्या दारापासून पार पत्र्याच्या खोलीच्या वळणाच्या पलीकडेपर्यंत ठिकठिकाणी माती उकरलेली, आणि तू मधोमध फावडं घेऊन उभी. माझं डोकं फिरणार नाही तर काय होणार? मी म्हणाले, माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस. तू फावडं गवताला पुसलंस, घराची किल्ली पायरीवर ठेवलीस, ‘बरं’ म्हणालीस आणि मागच्या फाटकाने गेलीस. भांडणात कुणी ‘बरं’ म्हणतं का गं? पुढचं बोलायला जागाच ठेवली नाहीस.

माझी तब्येत उत्तम आहे. व्यायामवाली बाई आठवड्यातून दोनदा येते. ती सांगते ते सगळं मी करते. बागेतून फाटकापर्यंत रोज चालून येते.

तुझा भाचा मार्चच्या सुरुवातीला येणार आहे. त्याचं म्हणणं, ‘आई, तू एकटीने फाटकापर्यंत जाऊन परत येऊ शकलीस तर ठीक. नाहीतर हे घर विकू आणि तू आमच्याकडे चल.’ मुलगा गुणी आहे, सून त्याहून गुणी, पण त्यांचं घर चौथ्या मजल्यावर. खिडकीतून दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. मी त्याला सांगून टाकलंय, ये आणि बघ.

पत्र पेटीत टाकायला व्यायामवालीकडे देतेय.

तुझी ताई

ता. क. फुलं बरी आहेत.


२ फेब्रुवारी

खारे,

उत्तर नाही आलं. अपेक्षाही नव्हती. लहानपणी तू माझी रिबिन, आईची सुटी बटणं, बाबांची चाव्यांची जुडी, जे हाताला लागेल ते मातीत पुरून ठेवायचीस आणि विचारलं की तोंड मिटून बसायचीस. खार हे नाव उगाच नाही पडलं. पुढे झाडांच्या नर्सरीत नोकरी लागली. आता पगार घेऊन पुरतेस, इतकाच काय तो फरक.

मागच्या पत्रात एक गोष्ट जरा वाढवून लिहिली होती. फाटकापर्यंत रोज जाते असं. खरं म्हणजे मी मागचं दारही उघडत नव्हते. स्वयंपाकघर, बिछाना, मोरी, संपली माझी फेरी. मुलाचा फोन आला की फोन कानाला लावायचा, दुसऱ्या हाताने काठी फरशीवर टक्-टक् आपटायची आणि मधूनमधून धापा टाकायच्या. तो म्हणतो, ‘आई, बस आता, दमशील.’ मी म्हणते, एवढं कुंपणाला वळसा घालते आणि ठेवते. खुर्चीत बसून बरं का हे सगळं.

आता हसू नकोस. आयुष्यभर मी चालत्या बसमध्ये उभी राहिले. वळणावर, खड्ड्यात, कचकन ब्रेक लागल्यावरही कधी पडले नाही. आणि पडले कशावरून, तर जागच्या जागी उभ्या असलेल्या स्टुलावरून, पडदा लावताना. त्या दिवसापासून मला जमिनीचा भरवसा वाटत नाही. व्यायामवाली म्हणते, ‘हाड जुळलंय, आता भीती तेवढी मोडायची आहे.’ आणि कुणी मला ‘चल’ म्हटलं की मी बसते, हे तुला ठाऊकच आहे. म्हणजे मी एकूण बसलेलीच.

पण काल काय झालं, ती पांढरी फुलं किती उघडलीत ते बघायला दार उघडलं. खिडकीतून त्यांची नुसती पाठ दिसते. पायरी उतरायची म्हणजे व्यायामवालीचा मंत्र, ‘चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा.’ दुखरा उतरवला, काठी, मग बरा. आणि उभी राहिले बाहेर! थंडीने नाक गळायला लागलं, पण उभी राहिले. तिथून दिसलं, की पावसाच्या पाण्याच्या पिंपामागे काहीतरी पिवळं आहे. अगदी कडेलाच, निम्मं पिंपाने झाकलेलं. खिडकीतून ते दिसायची सोयच नाही.

आता अर्धवट दिसलेली वस्तू सोडून देईन तर मी कंडक्टर कसली? बाकाखाली लपलेला फुकट्या मी कधी सोडला नाही. गेले पिंपापर्यंत. छोटी छोटी पिवळी धमक फुलं, प्रत्येकाच्या गळ्याशी हिरवी झालर. जमिनीपासून वीतभरही उंच नाहीत आणि तोरा असा, की उन्हाळा आम्हीच आणला.

परत आले. बिछान्यावर पडून मी एकटीच मोठ्याने हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, खारे.

तुझी ताई


१० फेब्रुवारी

खारे,

आज वासाची गोष्ट.

पिंपापर्यंत आता मी रोज जाते, खरोखरची. काल ऊन पडलं होतं. तिथे पिंपाला धरून उभी असताना कुठूनसा वास आला. गोडसर, थोडा मिरमिरीत. आधी वाटलं, शेजारी काही शिजतंय. मग वारा पडला तर वासही पडला, वारा आला तर वासही आला. पत्र्याच्या खोलीच्या वळणावरून येत होता.

त्या वळणापर्यंतचा रस्ता मला लांब वाटतो. मध्ये धरायला काही नाही. मी परत फिरले, चहा केला, आणि चहा पिताना सारखा तो वास डोक्यात. शेवटी कप तसाच ठेवून काठी घेतली आणि निघाले. वाटेत साहेबांची हिरवळ. आता बघितली तर तुझे खड्डे कुठे होते तेही कळत नाही, गवताने सगळं मिटवून घेतलंय. मी दर चार पावलांना थांबत होते आणि तोंडाने पुटपुटत होते, ‘पुढे चला, पुढे चला, मध्ये गर्दी करू नका.’ सवय जाते का?

वळणावर तू ती बोडकी काठी रोवली होतीस ना, जिच्यावरून मी तुला ‘हे सरपण कशाला’ असं विचारलं होतं? त्या सरपणाला एकही पान नाही आणि अंगभर फुलं आहेत. पिवळ्या कागदाच्या बारीक कातरणासारखी. मी नाक खुपसून उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही, पण घरात आले तेव्हा चहावर साय धरली होती.

तुला आठवतं, शाळा सुटली की तू माझ्या बसमध्ये चढायचीस आणि मागच्या बाकावर बसून शेवटच्या थांब्यापर्यंत यायचीस? मी म्हणायचे, उतर, घरी आई वाट बघते. तू म्हणायचीस, ‘ताई, पुढच्या थांब्यावर काय आहे तेवढं बघते आणि उतरते.’ पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. काल वळणावर उभी असताना मला ते आठवलं. का आठवलं कोण जाणे.

खड्ड्यांबद्दल जे बोलले त्यातलं निम्मं मागे घेते. निम्मं तसंच राहू दे.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

खारे,

तुझ्या नर्सरीचा माल भिकार आहे.

वळणापलीकडे, जिथे विटांची पायवाट सुरू होते, तिथे तू खड्डा केलेला होतास. मला पक्का आठवतो, कारण फाटकाकडे जाताना तू तिथे थांबून पायाने माती दाबली होतीस. तिथे काही आलेलं नाही. उकरलेली माती, चार सालपटं आणि एक कुरतडलेला कंद. खारींनी खाल्ला. तुझ्याच भाऊबंदांनी.

हसण्यावारी नेतेय, पण मला त्या दिवशी रडू आलं. वळणापर्यंत पोचते. तिथून पुढे बघते तर काही नाही. ना रंग, ना वास. नुसती विटांची ओली पायवाट आणि तिच्या टोकाला फाटक. ते एवढं लांब दिसतं, की पाय म्हणतो, आपला थांबा हाच. मी रोज वळणावरून परत फिरते. एकदा नेट धरून पुढे दोन पावलं टाकली तर वीट शेवाळाने सटकली. पडले नाही. पण पडले असते हे पुरलं.

व्यायामवाली म्हणते, ‘जमेल.’ मी तिच्यावर खेकसले. गरीब बाई.

मुलाचा फोन आला होता. काठी आपटावीशी वाटली नाही. ‘मी वळणापर्यंत जाते, पुढे नाही,’ असं सरळ सांगून टाकलं. तो म्हणाला, ‘आई, तुझ्या खोलीला ऊन छान येतं.’ ‘तुझ्या खोलीला’ म्हणाला, खारे. त्यांनी माझी खोली लावूनही ठेवली आहे. एवढी माया करतात, त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? पण मला इथून जायचं नाही. या दारातून साहेब रोज पहाटे डेपोला गेले. मागे बाग आहे. मला माझ्या पायांनी माझं फाटक उघडायचं आहे, बस्स.

तू हे वाचतेस की नाही कुणास ठाऊक.

ताई


२५ फेब्रुवारी

प्रिय खारे,

हो, लिहिलं. ‘प्रिय’ लिहिलं.

आज दुपारची झोप काढून उठले आणि सवयीने वळणापर्यंत गेले. आणि पुढे बघितलं तर त्या रिकाम्या जागेवर जांभळी फुलं! भडक, गर्द जांभळी, मध्ये केशरी तुरे. कुंडीच्या कुंडी मातीत बसवलेली, वर जाळी वाकवून घातलेली, खारींना हात मारता येऊ नये अशी. भोवतीची माती ताजी. आणि विटांवरचं शेवाळ खरवडून काढलेलं, फाटकापर्यंतच्या एकूण एक विटांवरचं.

चिखलात बुटाचा ठसा होता. डाव्या टाचेला बाहेरून झिजलेला. एवढ्या वर्षांत तुझी ती तिरकी चाल गेली नाही.

मी तिथे उभी राहिले आणि सगळं एकदम उलगडलं. खिडकीतून दिसतील ती पांढरी. पांढऱ्यांशी उभं राहिलं तरच दिसतील ती पिवळी. पिवळ्यांशी पोचलं तरच येईल तो वास. जे आधी फुलतं ते दाराजवळ, उशिरा फुलतं ते लांब. तू बाग नाही लावलीस गं, तू थांबे लावलेस. पुढच्या थांब्यावर काय आहे तेवढं बघते आणि उतरते.

व्यायामवाली आली तेव्हा तिला पकडलं. आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाली, ‘तुम्ही हॉस्पिटलात असतानाच त्यांनी मला विचारलं होतं, थंडी संपता संपता ताई किती चालू शकेल, त्यानंतर किती. मी सांगत गेले आणि त्या तसतशी खूण करत गेल्या. मला म्हणाल्या, हिला यातलं काही सांगू नका. सांगितलं तर ती हट्टाने खुर्चीतून उठायची नाही.’

म्हणजे मी दारात उभी राहून तुला वाट्टेल ते बोलत होते, आणि ‘हे तुझ्यासाठीच आहे’ एवढं एक वाक्य तुझ्या तोंडात होतं. ते तू गिळलंस आणि ‘बरं’ म्हणालीस. मला चालता यावं म्हणून. मी तुझ्या जागी असते तर फावडं आपटून सगळं सांगून मोकळी झाले असते, आणि आज खिडकीत बसलेली असते.

आता नीट ऐक. मी माफी मागणार नाहीये. माफी मागितली की तू ‘असू दे, असू दे’ करणार आणि विषय संपवणार. मी आभार मानणार आहे. ते तुला झटकून टाकता यायचे नाहीत. पांढऱ्या फुलांबद्दल आभार. पिंपामागच्या पिवळ्यांबद्दल, आणि त्या सरपणाबद्दल. घासलेल्या विटांबद्दल, गुडघे दुखत असतील तुझे. मी झोपलेली असताना, तुझ्याकडे राहिलेल्या फाटकाच्या किल्लीने आलीस आणि घरात पाऊल न टाकता गेलीस, त्याबद्दलही. घरात टाकू नकोस म्हटलं होतं, बागेत नाही, हा कायदा तूच शोधावास.

जांभळ्यांशी उभं राहिलं की पायवाटेच्या कडेला पुढे काहीतरी मळकट, तपकिरी-गुलाबी दिसतं. उद्या बघते.

तुझीच ताई


३ मार्च

प्रिय खारे,

त्या मळकट फुलांनी माझा घाम काढला. त्यांचं तोंड जमिनीकडे. आतली नक्षी बघायची तर वाकावं लागतं. बघितलं मी वाकून! आत हिरवट पिवळा, त्यावर शाई शिंपडल्यासारखे ठिपके. व्यायामवालीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘वाकायचा व्यायाम मी तुम्हाला महिनाभर सांगत होते.’ म्हणजे हाही तुमचा दोघींचा कट.

फाटक आता समोर आहे, पण फाटकापाशी तू काही लावलेलं दिसत नाही. दोन्ही बाजूंना नुसतं गवत. चालायचं. शेवटचा थांबा आपला आपण गाठायचा असतो, असं समजते.

रविवारी मुलगा येतोय. त्याला म्हटलंय, पुढच्या दाराने यायचं नाही. मागच्या फाटकाशी उभा राहा. कुलूप मी उघडते.

ताई


१० मार्च

माझ्या खारे,

अक्षर वेडंवाकडं येतंय, समजून घे. बस हलते आहे.

हो, बस. पण आधी रविवार.

तो फाटकाबाहेर उभा होता, गजांना धरून, लहानपणी शाळेच्या फाटकाला धरून उभा राहायचा तसा. मी पायरी उतरले. पांढरी फुलं संपलीत, नुसती पानं राहिलीत. त्यांना म्हटलं, या आता. पिंप. वळण, तिथे दम खाल्ला. वास आता नाही, पण मी सवयीने नाक वर केलं. जांभळी, मग ती तोंड पाडून बसलेली. मुलगा गजांतून ओरडत होता, ‘आई, सावकाश, सावकाश.’ मी म्हटलं, ड्रायव्हरशी बोलू नये, पाटी लावलेली असते. फाटकाशी पोचले, किल्ली फिरवली. जड आहे ते. दोन्ही हातांनी ओढलं, काठी काखेत धरून. उघडलं!

तो नाक पुसत म्हणाला, ‘पण आई, फोनवर तर तू जानेवारीतच इथे पोचली होतीस.’ मी म्हटलं, तेव्हा रिकामी गाडी धावत होती. आज प्रवासी घेऊन आलेय.

घराचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. ‘त्या खोलीत मी माझी सायकल ठेवतो,’ एवढं म्हणाला.

आणि मग मी फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि बघितलं. तू शेवटचा थांबा फाटकाच्या आत लावलाच नव्हतास. बाहेर लावला होतास. कुंपणाच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेच्या गवतात, बुटकी पिवळी डॅफोडिल्स. फाटक उघडल्याशिवाय कुणाला दिसू नयेत अशी. मी कुंपण धरून उभी राहिले आणि पुढे नजर टाकली, कारण आता मला तुझी खोड कळली आहे. पुढे आणखी. आणि त्याच्या पुढे, बसथांब्याच्या खांबाच्या पायथ्याशी, आणखी एक झुबका. तुझ्या नर्सरीवरून जाणारी बस जिथे थांबते, त्याच खांबाशी.

ऑक्टोबरात लावलंस तू हे सगळं. आपलं भांडण व्हायच्या आधी. तेव्हाच तू मला तुझ्याकडे बोलावून ठेवलं होतंस, आणि मी तुला माझ्या घरातून हाकललं.

आज मुलगा कामावर आहे, मी एकटी निघाले. आता बसमध्ये कंडक्टर नसतो. दारात एक यंत्र आहे, कार्ड दाखवलं की ट्यां करतं. पण ड्रायव्हर तरणाताठा आणि भला आहे. मी बसेपर्यंत त्याने गाडी हलवली नाही. मी मागच्या बाकावर बसलेय, तुझ्या जागेवर. काठी खिडकीला टेकवली आहे. बाहेर अजून सगळं करडं आहे, आणि मधूनच कुणाच्या तरी अंगणात एक पिवळा ठिपका. आधी मला हे कधी दिसत नसे. तुझ्यामुळे दिसतं. देवाने मला डोळे दिले ते तिकिटं तपासायला, बघायला तू शिकवलंस.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. तुझ्या हातात देणार आहे, आणि तू वाचेपर्यंत तुझ्यासमोर बसणार आहे. मध्येच ‘असू दे’ म्हणालीस तर काठी आहे माझ्याकडे.

माझ्या घराची किल्लीही आणली आहे, तुला परत द्यायला. पुढच्या दाराची. पाऊल टाक, चिखलाचे बूट घालून टाक, हवी तेवढी जमीन उकर.

समोर तुझ्या नर्सरीची काच दिसायला लागली. तू आत कुठेतरी वाकलेली असशील, मातीत हात घालून. तुझ्या दाराला दोन पायऱ्या आहेत, मला आठवतात.

चढायचं आहे. बरा पाय आधी.

ताई